दोन खोकी पुस्तकं आलीत, आता वाचायची कधी?

तिसरं_गेट
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसताच वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढालोय.

पुण्याच्या मामांनी फ्लॅट विकायला काढला आणि त्यांची सगळी पुस्तकं भाच्यांत वाटून टाकली. माझ्या वाट्याला दोन मोठी खोकी. ट्रॅव्हल्सवाल्यानं पहाटे पाचला सर्कलला उतरवली, रिक्षावाला उचलताना म्हणतोय, काय ओ, फरशा भरल्यात काय आत? उघडून बघितलं तर कथासंग्रह भरपूर, प्रवासवर्णनं, दोन जाडजूड ऐतिहासिक कादंबऱ्या, नाटकांची पातळ पातळ पुस्तकं, ऊस लागवडीवरचं एक (मामांनी हे का घेतलं होतं देव जाणे, त्यांची कुंडीसुद्धा कधी जगली नाही) आणि सुतळीने बांधलेले जुने दिवाळी अंक. नावं मुद्दाम टाकत नाही, नाहीतर धागा लगेच 'हे वाचलंस काय, ते वाचलंस काय' वर जातोय. शिवाय उचगावच्या साहित्य संमेलनात स्टॉलवरून उत्साहात घेतलेली माझी स्वतःची आहेतच, ती अजून प्लास्टिकमध्ये.

आता अडचण. मी बेळगावात उद्यमबागला एका फाउंड्रीत अकाउंट्स बघतो. दर महिन्याला कराच्या तारखा: ७ ला टीडीएस भरायचा, ११ ला जीएसटीचं जीएसटीआर-१ रिटर्न, २० ला ३बी रिटर्न. २१ ला जरा मान वर करावी तर पगारपत्रकं सुरू. घरी आलं की मुलीचं गणित, बाबांच्या गोळ्या, पाण्याचा दिवस असला तर पाणी भरणे. रात्री साडेदहाला पुस्तक उघडतो, दुसऱ्या पानावर डोळे मिटतात, दुसऱ्या दिवशी परत पहिल्या पानापासून.

प्रश्न साधा आहे. नोकरी, घर, शेती, दुकान सांभाळून तुम्ही वाचता कधी? खरं खरं सांगा. आणि कृपा करून 'वेळ काढला की निघतो' हे कुणी सांगू नका.

कुंदाप्रेमी
वेळ काढला की निघतो.

(पळालो)

खानापूर_रोड
मी बसमध्ये वाचते. शाळा खानापूरच्या पुढे, घर बेळगावात, रोजचा बराच वेळ बसमध्येच जातो. ११ जून २०२३ ला 'शक्ती' (कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट) सुरू झाली, तोपर्यंत माझी खिडकीची सीट जवळजवळ ठरलेली असायची. आता बस इतकी भरते की एका हातात वरचा दांडा, दुसऱ्या हातात डब्याची पिशवी, पुस्तक धरायला तिसरा हात कुठला आणायचा. तक्रार नाही ओ करत, पासाचे पैसे वाचतात त्यातच पुस्तकं येतात. सकाळची लवकरची गाडी धरली की बसायला मिळतं, म्हणून मी घरातून आधी निघते. शून्य रुपयाचं तिकीट पुस्तकात खूण म्हणून घालते, रोज नवीन खूण फुकट.

एक गंमत सांगते. त्या गाडीला भाजी घेऊन येणाऱ्या दोघीतिघी नेहमीच्या असतात. एकीनं एकदा विचारलं, बाई एवढं काय वाचालीस? मी थोडी गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी बसल्या बसल्या, "त्या पोरीचं पुढं काय झालं ओ?" आता रोज विचारतात. त्यामुळे कितीही दमले तरी रात्री चार पानं पुढे वाचून ठेवावीच लागतात, नाहीतर सकाळी सांगू काय? कुणीतरी पुढचं ऐकायला बसलेलं असलं की वेळ आपोआप होतो असं माझं मत झालंय.

निपाणी_एक्स्प्रेस
जरा कडू बोलतो, राग मानू नका. पुस्तकं घेणं आणि पुस्तकं वाचणं हे दोन वेगळे छंद आहेत आणि आपल्यापैकी निम्म्यांना फक्त पहिला आहे. मी स्वतः त्यातलाच होतो. आमचं तंबाखूचं वखारीचं काम, हंगामात जेवायला फुरसत नाही, तरी कोल्हापूरला गेलो की पिशवीभर घेऊन यायचो. मग बायकोनं सांगितलं, एक वाचून झाल्याशिवाय दुसरं घरात आणायचं नाही. तेव्हापासून विकत घेणं बंद, वाचनालयातून आणतो. परत द्यायची तारीख असली की वाचून होतं. घरचं पुस्तक कुठं पळून जातंय, म्हणून ते तसंच राहतं.

तेव्हा तिसरं गेट साहेब, माझा सल्ला: पाचसहा ठेवा, बाकी वाटून टाका.

गणपत_गल्ली
+१ निपाणीकर. आपलं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून चालू आहे, शहापूरला सरस्वती वाचनालय आहे. बेळगावचा माणूस 'पुस्तकं मिळत नाहीत' म्हणाला तर मला हसू येतं. दिवाळी अंक तर विकत घ्यायच्या भानगडीतच पडू नये, वाचनालयात वर्गणी भरा आणि फिरवून फिरवून वाचा, फेब्रुवारीपर्यंत पुरतात.

आणि एक गोष्ट फार थोड्या लोकांना माहिती असते. आपल्या घरपट्टीच्या पावतीवर ग्रंथालय सेस म्हणून एक ओळ असते बघा. कर्नाटकात १९६५ च्या कायद्याप्रमाणे मालमत्ता कराच्या रुपयामागे ६ पैसे सरकारी ग्रंथालयांसाठी घेतात. म्हणजे पैसे तुम्ही भरलेलेच आहात, तिथं जाऊन मराठी पुस्तकं मागा तरी. मागणाराच नसला तर ते तरी कशाला आणतील.

चिकोडी_४०
पावती काढून बघितली. आहे की ओ खरंच! इतकी वर्षं भरालोय आणि पायरीसुद्धा चढलो नाही.

मूळ प्रश्नाला उत्तर: मोबाइल. रोज रात्री मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, दोन तास निघतात की नाही बघा. बाकी सगळी कारणं.

शहापूरची_सून
चिकोडी सर, हे दोन तास कुणाचे निघतात ते पण सांगा.

माझा मोबाइलचा वेळ म्हणजे कुकरच्या दोन शिट्ट्यांमधली पाच मिनिटं, मशीन थांबायची वाट बघताना सात मिनिटं, पोराला क्लासमधून आणायला गेटवर उभी असते तेव्हाची दहा मिनिटं. ते सगळं जोडून दोन तास होतात, मान्य. पण तुकड्या तुकड्यात कादंबरी कशी वाचायची ते सांगा, माणसांची नावंच विसरायला होतात.

दुसरं असं की आमच्याकडे सासरे पेपर घेऊन बसले की 'वाचालेत, हळू बोला', नवरा लॅपटॉप घेऊन बसला की 'काम आहे', आणि मी पुस्तक घेऊन बसले की 'रिकामी आहेस काय, जरा चहा टाक'. कुणी वाईट नाही ओ घरात, सवय आहे सगळ्यांची. मी उपाय काढलाय. सासूबाईंना महिन्यातून दोनदा दवाखान्यात न्यावं लागतं, नंबर लागेपर्यंत सकाळ जाते. आधी चिडचिड व्हायची. आता मुद्दाम जाड पुस्तक घेऊन जाते. तिथे मला कुणी चहा टाक म्हणत नाही.

कुंदाप्रेमी
ताई, एक नंबर. आमच्या घरात हा प्रतिसाद मोठ्यानं वाचला, बायको म्हणाली त्यांचा नंबर द्या.

पुण्यात_पण_बेळगावचा
तुकड्या तुकड्यात वाचायचा प्रश्न असेल तर ऑडिओबुक. मी हिंजवडीला जातानाच्या ट्रॅफिकमध्ये ऐकतो, मराठीतही आता बरंच मिळतं. भांडी घासताना, चपात्या लाटताना कानात घालायचं. दीडपट स्पीड ठेवली की जाड कादंबरी पण आठवड्यात संपते.

वडगाव_माग
दीडपट स्पीडनं रडायचा प्रसंग ऐकून बघितलाय काय? बातम्या सांगितल्यासारखं वाटतंय.

आणि सगळ्यांना जमत नाही ते. आमचे पॉवरलूम आहेत, चार माग एकदम चालू असले की शेजारचा माणूस ओरडून बोलला तरी ओठ बघूनच समजायचं. कानात काय घालणार. धाग्यावर डोळा, कांडी संपली की बदल, तुटला की सांध. पुस्तक हातात घ्यायचा प्रश्नच नाही.

मी वाचतो ते लाइट गेली की. मागणी असताना लाइट गेली की शिव्या देतो, पण खिशात नाहीतर गल्ल्यात एक कथासंग्रह ठेवलेला असतोय. बाहेर कट्ट्यावर उजेडात बसायचं, एक कथा. लाइट लवकर आली तर अर्धी राहते, चालतंय. कादंबरीच्या वाटेला मी जात नाही, कथा आमच्या मापाची. तिसरं गेट, तुमच्याकडे कथासंग्रह भरपूर आहेत म्हणालात, जास्त झाले असतील तर बघा आमच्याकडे.

अनगोळ_नाका
विषय सोडून लिहितो पण महत्त्वाचं आहे. खोकी कुठे ठेवलीत? जमिनीला लावून ठेवली असतील तर आजच्या आज उचला. आपला जून-जुलै कसा असतो माहिती आहे, भिंतीला ओल येते, कपाटातल्या चपलेवर बुरशी चढते, पुस्तकांचं काय घेऊन बसलात. खोक्याचा पुठ्ठा ओल ओढून घेतोय आणि खालच्या थरातली पुस्तकं आधी जातात. माझ्या आजोबांची पोथ्यांची पेटी अशीच गेली, कसर लागली होती, पान उचललं की हातात जाळी यायची.

फळीवर ठेवा, भिंतीपासून चार बोटं लांब. पावसाच्या आधी एकदा सावलीत वारं द्या, कडक उन्हात नको, बांधणीचा डिंक तडकतो. कडुलिंबाचा वाळलेला पाला किंवा वेखंडाचे तुकडे मधे मधे. जुने दिवाळी अंक वेगळे ठेवा, तो कागद आधीच पिवळा पडून कडक झालेला असतो, सुतळी आवळली की कडा तुटतात. सुतळी सोडा आणि सुती कापडात बांधा.

तिसरं_गेट
अनगोळकर, तुमचा प्रतिसाद वाचून जेवण अर्धं टाकून उठलो. खोकी जिन्याखाली जमिनीवरच होती. आता पलंगावर आहेत. झोपायचं कुठं हा पुढचा प्रश्न.

वडगाव माग, कथासंग्रह नक्की.

शहापूरच्या ताई, तुम्ही लिहिलंत ते आमच्या घरातही तसंच आहे. मी रात्री पुस्तक उघडून झोपतो तेव्हा बायको उद्याची भाजी निवडत असते, ती पण वाचणारी आहे, कॉलेजात माझ्यापेक्षा जास्त वाचायची. प्रश्न मी फक्त माझाच विचारला होता हे आता लक्षात येतंय.

अथणी_अण्णा
नमस्कार. आमच्या घरात कन्नड, दुकानात मराठी-कन्नड दोन्ही, चुकलं तर सांभाळून घ्या. चपलांचं दुकान आहे. मराठी वाचायला मी मिरजेच्या मामाकडे शिकलो, लहानपणी सुट्टीत. दुकानात दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक कमी, तेव्हा वाचतो. एक दिवस मराठी, एक दिवस कन्नड असं काही नाही, जे हाताला लागेल ते. कन्नडमधून मराठीत आलेली पुस्तकं मला फार आवडतात, मूळ वाचलेलं असलं तरी परत वाचतो, आपल्या ओळखीच्या माणसाला दुसऱ्या गावात भेटल्यावर जसं बरं वाटतं तसं होतं. गिऱ्हाईक आलं की पान दुमडायचं, जोड दाखवायचा, परत बसायचं.

गणपत_गल्ली
पान दुमडायचं????

अनगोळ_नाका
अण्णा, बाकी सगळं छान लिहिलंत. पण पान दुमडायचं???

खानापूर_रोड
अण्णांना मी शून्य रुपयाची तिकिटं पाठवते.

अथणी_अण्णा
माझंच पुस्तक आहे ओ, वाचनालयाचं नाही दुमडत. दुमडलेल्या पानावरून मला कळतं कुठल्या दिवशी धंदा बरा झाला. जास्त दुमडी म्हणजे जास्त गिऱ्हाईक.

निपाणी_एक्स्प्रेस
हा हिशोब तिसरं गेट साहेबांनी जीएसटीत धरावा.

सांबरा_रनवे
मला एक वेगळाच मुद्दा मांडायचा आहे. वाचायला वेळ नाही हे आपलं झालं, पण पुढच्यांचं काय? माझा मुलगा सहावीत, इंग्लिश मीडियम. शाळेत इंग्रजी आणि कन्नड, घरात बोलायला मराठी. बोलतो फाडफाड पण मराठी वाचायला दिलं की बोट ठेवून एकेक अक्षर. जोडाक्षर आलं की माझ्याकडे बघतो. घरात माझ्या वडिलांची एवढी पुस्तकं आहेत ती वाचणार कोण असा विचार येतो मग.

दोन महिन्यांपूर्वी ठरवलं, झोपायच्या आधी मी मोठ्याने वाचायचं. सुरुवातीला तो कंटाळला, मी पण. मग भुताच्या गोष्टी आणल्या. आता तो स्वतः पुस्तक घेऊन येतो, आणि मी मुद्दाम मोक्याच्या ठिकाणी थांबतो, घसा दुखतोय म्हणतो. पुढचं पान तो वाचतो, अडखळत का होईना. माझं वाचन म्हणाल तर तेवढंच, पण मला स्वतःसाठी वाचायला बसलो तर ते होत नव्हतं, त्याच्यासाठी बसलो तर होतंय. वरती खानापूर रोड बाई म्हणाल्या तेच.

वडगाव_माग
घसा दुखतोय ही आयडिया भारी. आजच करतो.

कडोली_शिवार
जाता जाता आमचंही. शेती आहे, भात आणि भाजीपाला, दोन म्हशी. लोकांना वाटतं शेतकऱ्याला मोकळा वेळ असतो. रोपलावणीला नसतो, कापणीला नसतो, आणि मधे असतो तो पण म्हशी ठरवतात. मात्र कापणी-मळणी झाली की आमच्याकडे गावागावात साहित्य संमेलनं सुरू होतात, कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, सांबरा. ग्रंथदिंडी, लेझीम, शाळेची पोरं, आणि मांडवाच्या बाजूला पुस्तकांचे स्टॉल. दिंडीतून आल्या आल्या माणूस पुस्तक घेतोच. मी वर्षाची खरेदी तिथेच करतो, आणि ती पुढच्या संमेलनापर्यंत पुरवायची असा नियम. नाही पुरली तर पुढच्या वर्षी स्टॉलवर नुसतं बघायचं. तसं अजून झालं नाही, दरवर्षी उरतातच.

बाकी आपल्याकडे वाचनाला वेळ नाही हे मी मान्य करत नाही. १९४६ ला बेळगावात अखिल भारतीय संमेलन झालं, माडखोलकर अध्यक्ष, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथंच झाला. त्यावेळी लोकं बैलगाडीनं

कुंदाप्रेमी
कडोलीकर, थांबा थांबा. इथून पुढे सीमाप्रश्न सुरू होणार, मग शंभर प्रतिसाद, मग ॲडमिन कुलूप लावणार. पुस्तकं तशीच राहणार.

कडोली_शिवार
बरं बरं थांबतो. पण बैलगाडीचं खरं आहे, आजोबा सांगायचे.

चिकोडी_४०
शहापूरच्या ताईंना उत्तर द्यायचं राहिलं होतं. दोन दिवस विचार केला. तुमचं म्हणणं पटलं, पण माझंही पूर्ण चूक नाही. तुकड्यातला वेळ सगळ्यांनाच आहे, माझा पण तसाच. फरक असा की मी त्या तुकड्यात रील बघितल्या की नंतर सलग वेळ मिळाला तरी मन सलग राहत नाही, पाच मिनिटांनी हात आपोआप मोबाइलकडे जातो. वेळ खाण्यापेक्षा ती सवय जास्त वाईट, मला एवढंच म्हणायचं होतं, लिहिताना उपदेश झाला.

शहापूरची_सून
हे बरोबर आहे, हे मला पण होतं. दवाखान्यात सुद्धा पहिली दहा मिनिटं पर्समध्ये हात जातो.

माणसांची नावं विसरण्यावर उपाय सापडला ओ. पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवते, कोण कुणाचा कोण. (अनगोळकर, पेन्सिलीनं आहे, ओरडू नका.)

पुण्यात_पण_बेळगावचा
तिसरं गेट, वाटायचा विचार असेल तर पोस्टाचं सांगतो, मी मागच्या महिन्यात इथून आजीला पुस्तकं पाठवली. पूर्वीचं रजिस्टर्ड बुक पोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं, तेव्हा छोटे प्रकाशक आणि पुस्तकवाले बरेच नाराज होते कारण स्वस्तात स्वस्त तेच होतं. पण १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू झालंय. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर टॅक्स. विमानाने नाही, जमिनीवरून जातं म्हणून दिवस लागतात, पण ट्रॅकिंग मिळतं. काउंटरवर 'ज्ञान पोस्ट' असं नाव घेऊनच मागा.

निपाणी_एक्स्प्रेस
हे उपयोगी दिलंत. चार-पाच किलोचं कुरियर करायचं म्हटलं तर पुस्तकाच्या किमतीएवढा खर्च येतोय.

पण तिसरं गेट साहेब, दहा दिवस झाले. मूळ प्रश्नाचं काय? वाचालाय काय काही?

तिसरं_गेट
सांगतो. ३बी काल भरली म्हणून आज मोकळा आहे.

खोक्यांचं असं केलं, बायकोला सांगितलं तुला हवी ती आधी काढून घे. तिनं पहिल्या फटक्यात प्रवासवर्णनं सगळी उचलली, मी वाचायला काढलेलं एक होतं ते पण गेलं. बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे असं ठरलंय, त्या वेळात ती गॅलरीत बसते. पहिल्या शनिवारी मी आमटी करपवली तरी ती उठली नाही, तिथेच बसून 'गॅस बंद करा' म्हणाली.

माझं रात्रीचं वाचन सुटलं, ते होणार नव्हतंच. सकाळी ऑफिसात लवकर पोचतो, कुलूप उघडायच्या आधी गेटवरच्या वॉचमनच्या खुर्चीशेजारी बसून वाचतो. वॉचमन तात्या हलगा गावचे, त्यांनी विचारलं काय आहे, म्हणून आता थोडं मोठ्यानेच वाचतो. बाई, तुमच्या बसचा रोग मला लागला. जाड कादंबरी घेतलीय, तात्यांना लढाया आवडतात. मधे वर्णन आलं की म्हणतात हे सोडा, पुढं चला. मी पण सोडतो. आयुष्यात पहिल्यांदा पानं गाळून वाचालोय आणि काही बिघडलं नाही.

गणपत_गल्ली
पानं दुमडणारे झाले, आता गाळणारे पण.

तिसरं_गेट
:) बाकीची वाटायला काढतोय. कथासंग्रहांचा एक गठ्ठा वडगाव मागांना, ऊस लागवड कडोलीकर किंवा चिकोडी सरांना (भांडून ठरवा). भुताच्या गोष्टी सापडल्या तर सांबऱ्याला. दिवाळी अंक वाचनालयाला विचारून बघतो, ते घेत नसतील तर अनगोळकर, सुती कापडासकट तुमच्याकडे. नाटकांना मात्र कुणी गिऱ्हाईक नाही. नाटक नुसतं बसून कोण वाचतंय?

चिकोडी_४०
ऊस माझा. कडोलीत भात पिकवतात.

कडोली_शिवार
घ्या. आम्हाला वाचायला म्हशी वेळ देत नाहीत.

नंदगड_वेस
इथे पहिल्यांदाच लिहितोय. नाटकं आम्हाला द्या की! आमच्या गावात जत्रेला दरवर्षी नाटक बसवतात, गावातलीच पोरं, दिवसा कामाला जातात आणि रात्री तालीम. तीच तीच नाटकं करून लोकं कंटाळलेत. ज्यांनी शाळा सोडल्यापासून पुस्तक हातात धरलं नाही ती पोरं तालमीत संहिता तोंडपाठ करतात, एकमेकांच्या चुका काढतात. वाचायला वेळ नाही म्हणणाऱ्यांत ती पण आहेत.

फक्त एक अट. बायकांची पात्रं कमी असलेलं बघा, दोनच्या वर नकोत. तालमीला कुणी यायला तयार होत नाही.

खानापूर_रोड
का बरं तयार होत नाही? तालीम रात्री अकराला सुरू केली तर कोण येणार. सात ते नऊ ठेवा, आमच्या शाळेच्या दोन बाई नंदगडातच राहतात, एकीनं कॉलेजात काम केलेलं आहे. चार पात्रांचं नाटक घ्या बिनधास्त.

नंदगड_वेस
सात वाजता अर्धी पोरं गवंडीकामावरून यायची असतात ओ बाई. साडेसात ते साडेनऊ?

खानापूर_रोड
साडेसात ते नऊ. आणि आधी संहितेच्या झेरॉक्स वाटा, पाठांतर घरी करून यायचं. पोरांना पण सांगा.

नंदगड_वेस
बरं. तिसरं गेट साहेब, नाटकं कधी न्यायला येऊ? रविवारी बेळगावला बाजाराला आहे.

तिसरं_गेट
रविवारी दहाच्या आत या, नंतर मुलीचं गणित आहे. चार बायकांच्या पात्रांची तीन वेगळी काढून ठेवतो.